घुंगूरसाळ

“समदं कांडलंस?”

“समदं, आत्या. आणि गिरणीत नाही हं, उखळात. माझ्या हॉटेलातल्या पोरांनी हातानं कांडलं.”

जैतू शिजवलेल्या भाताचा डबा पुढे धरून उभा होता. शहरात त्याचं हॉटेल होतं. रानभाज्या, कंद, डोंगरातली जुनी धान्यं, एवढंच तिथे शिजायचं. ठाकरवाडीचा पोरगा, पण मोठमोठी माणसं त्याच्या हातचं खायला आधी सांगून यायची. डोंगर वाचवायचा तर डोंगराचं अन्न ताटात आलं पाहिजे, असं तो जाईल तिथे सांगे. आणि मनापासून सांगे.

रांधायला तो शिकला चांगुणा मेंगाळ या म्हातारीच्या चुलीपुढे. नात्यानं ती त्याची कुणी नव्हती. तिच्या हाताखाली शिकलेले सगळेच तिला आत्या म्हणत.

दिवाळीनंतर तिनं त्याला घुंगूरसाळीची पाटी भरून दिली होती. लांब कुसळांचा हा भात, रानडुकरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. आसपासच्या वाड्यांवर मूठ मूठ वाट, म्हणाली होती.

“ते पेरायला दिलं व्हतं.”

“ठाऊक आहे गं. दोन ओंजळीच काढणार होतो, चवीपुरत्या. पण काल जेवायला कोण कोण आलं होतं! वाफ सुटली, आणि मग थांबतायत कुठले... पुन्हा मागितला, पुन्हा मागितला. तुझा वाटा मात्र आधी काढून ठेवला.”

म्हातारीनं डब्याकडे पाहिलंही नाही.

जैतूचं डोकं तडकलं. दिवस उजाडायच्या आत निघून तो डोंगर चढून आला होता. चोर असल्यासारखं उभं राहायला नव्हे.

“तोंड का फिरवतेस? काल नाव झालं या भाताचं! इथं कोण विचारतं त्याला? पोरं रेशनचा तांदूळ खातात. तू आपलं कणगीत कोंडून ठेवलंस. कोंडून धान्य वाचतं होय?”





ती उठली. कोपऱ्यातल्या कणगीचं झाकण काढलं आणि बाजूला सरली.

जैतूनं वाकून पाहिलं. तळाशी फोलपटं, उंदरांच्या लेंड्या. बुडाला हात जाईल एवढं भोक.

“कधी झालं हे?”

“शिमग्याच्या आदी.”

“मग मला का नाही कळवलंस?”

“तुज्याकडं हाय म्हनून निवांत व्हते.”



“दुसऱ्या कुणाकडे तरी...”

“न्हाई.”

मग तिनं त्याच्या हातातून डबा हिसकावला. इतक्या जोरात, की झाकण खणखणत उंबऱ्यापर्यंत गेलं. म्हातारी तशीच बाहेर पडली. घरामागे रोपं टाकायला जमीन भाजून ठेवली होती, काळी, भुसभुशीत. ती तिथे जाऊन उकिडवी बसली, मूठभर भात घेतला आणि मनगट फिरवून फेकला. बी फेकतात तसा.

दुसरी मूठ. तिसरी.

“आत्या, हे काय करतेस?”

तिनं तळव्यानं माती ओढली आणि शितं झाकली. पुढे सरकली. पुन्हा मूठ. कोंबड्या धावत आल्या, तिनं ढेकूळ भिरकावलं. तिचा जबडा आवळलेला होता. पण पेरणी चुकत नव्हती. सारखं, विरळ, एका अंतरानं.

जैतूनं तिचं मनगट पकडलं.

“वेड लागलंय का तुला? शिजलेलं उगवतं का कधी!”

तो ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

त्याची पकड सुटली. तो तिथेच मातीत बसला. समोरची शितं एकेक करून उचलू लागला. राख लागलेली, चिकट, बोटांत चुरगळणारी. मग तेही थांबलं.

“मी काय करायला हवं होतं?” त्याचा आवाज अजून रागाचाच होता, पण आता तो राग कुणावर ते त्याला कळत नव्हतं. “ताटावर बसली होती गं माणसं. वाडगी पुढे करत होती. त्यांना काय सांगायचं होतं?”

म्हातारीनं रिकामा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. हात लुगड्याला पुसले.

“रांदाया शिकिवलं तुला, जैत्या... पाव्हन्याला ताटावरून उपाशी उठवायचं शिकवाया इसरले.”