येसाआजीचा वाकडा वाफा

फार वर्षांपूर्वी, कुरणवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. गावात येसा माळीण नावाची म्हातारी होती. तिनं नुसती काठी रोवली तरी तिला पानं फुटायची, असं म्हणतात. आता काठीचं कुणी पाहिलंय, पण तिच्या मळ्यातली मेथी तीन गावं खायची एवढं खरं.

एका साली श्रावणात तापाची साथ आली आणि गावातल्या चिमाची तीन वर्षांची लेक गेली. चिमा तशी बोलकी बाई, माळ्याच्याच घरात वाढलेली. पण त्या दिवशी ती ओट्यावर बसली ती बसलीच. बोलणं बंद, जेवण नावालाच. भाद्रपद सरत आला, पाऊस उघडला, घरोघरी परसात भाजीचे वाफे तयार होऊ लागले. चिमाचं परस मात्र गवतानं भरलं. ही काही दिवाळी बघत नाही, असं गाव हळू आवाजात बोलू लागलं.

तिचा नवरा हैबती येसाआजीकडे गेला.

"आज्जे, कायतरी औषीद दे. माजं घर बसलं."

"औषीद न्हाई माज्याकडं," म्हातारी म्हणाली. "कुदळ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ घेऊन चिमाच्या परसात आली. गवत काढलं, वाफा केला, पण वाकडा. चिमानं पाहिलं आणि मान फिरवली. पुढच्या दिवशी म्हातारीनं पाणी सोडलं, ते वाफ्याच्या बाहेरच. चिमाच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं ओच्यातून धने काढले आणि अख्खेच मातीत टाकायला लागली. धने आधी रगडून दोन फाका करायच्या, मगच कोथिंबीर पेरायची, हे माळ्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. चिमाला राहवेना.

"आज्जे, धनं असं अख्खं टाकत्यात व्हय?"

कितीतरी दिवसांनी आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

"म्हातारी झाले गं, इसरते," येसाआजी म्हणाली. "तूच रगड."

चिमा ओट्यावरून उतरली. दगडावर धने पसरून तळव्यानं रगडू लागली, आणि रगडता रगडता तिला रडू फुटलं. मागच्या साली हेच काम तिच्या लेकीनं इवल्या टाचांनी नाचत नाचत केलं होतं. म्हातारी शेजारी बसून राहिली. तिनं उगी उगी म्हटलं नाही. त्या संध्याकाळी चिमानं स्वतः भाकरी मागून घेतली. आणि उगवायला आठ-दहा दिवस घेणारे ते धने तिसऱ्याच सकाळी वाफाभर हिरवे होऊन वर आले, असं म्हणतात.

येसाआजीला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणालाच सांगता येत नाही. पण तिच्यामागं चिमानं सुरू ठेवलेली रीत आजही चालते. ज्या घरातलं माणूस त्या साली गेलं असेल, तिथं भाद्रपद सरताना गावातली एखादी म्हातारी जाते, परसात मुद्दाम वाकडा वाफा करते आणि अख्खे धने टाकायला लागते. येसाआजीचा वाफा म्हणतात त्याला. हे सोंग आहे हे तिला माहीत असतं, घरच्यांनाही माहीत असतं. तरी ओट्यावरून कुणीतरी उठतंच आणि म्हणतं, "आज्जे, असं न्हाई. आण इकडं."