पास्कू आजोबांना दिलेली शुभेच्छा

सिल्वीच्या आईचा आवाज गेला होता, बाळांनो. सर्दीने बसतो तसा नव्हे हं, पार गेला! दिवाळीच्या सुमारास ताप आला, ताप उतरला, पण आवाज काही परतला नाही. आई वसईच्या बाजारात फुलं विकायची. "घ्या शेवंतीऽऽ" ही तिची हाक थेट नाक्यापर्यंत जायची. आता टोपली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. दर नाताळात गावभर गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळींच्या पुढेही आईच असायची. यंदा मंडळींनी कर्णा आणला आणि त्यावर सिनेमातली नाताळची गाणी लावली. नुसता कलकलाट मेला!

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सिल्वी वाडीत बसून न खपलेल्या फुलांवर पाणी शिंपडत होती. "विकली नाही गेलात म्हणून काय तहान लागत नाही होय तुम्हाला?" ती म्हणाली.

तेवढ्यात पिवळ्याधमक शेवंतीतून एक इटुकली परी बाहेर आली. गुलाबी झगा, चंदेरी पंख, आणि नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा चिमुकला थेंब!

"हुश्श! जीव वाचला गं माझा," ती म्हणाली. "घे, ही एक शुभेच्छा तुझी. मनापासून दिलीस की खरी होईल."

"मग माझ्या आईला..."

"थांब, थांब! आपल्याच घरात नाही चालायची. दुसऱ्या कुणाला तरी दे. त्याने आपणहून उलट शुभेच्छा दिली, तर तीही खरी होईल. पण ती मागायची नाही, सुचवायची नाही. आणि चर्चची संध्याकाळची घंटा वाजेपर्यंतच हं."

सिल्वी आनंदाने उडालीच. शेजारच्या फिलू मावशीला एक शुभेच्छा दिली की ती भरभरून उलट देते, शिवाय वर गाल ओढते. परीला खांद्यावर बसवून सिल्वी तिच्याकडेच धावत सुटली.

वाटेत पास्कू आजोबांचं घर होतं. आजी गेल्यापासून आजोबा कुणाशी बोलत नसत. कुणी शुभेच्छा दिल्या, तर दार लावून घेत. आज ते स्टुलावर चढून दारावर निळा, रुपेरी कागदी तारा बांधत होते. पण सुजलेल्या बोटांना दोरा धरवेना. तारा पडला. पुन्हा बांधला, पुन्हा पडला. मग आजोबा पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

सिल्वी थबकली. आजोबा उलट काही बोलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण पाऊल काही पुढे टाकवेना.

"नाताळच्या शुभेच्छा, आजोबा!" ती म्हणाली. "तुमची बोटं बरी होवोत."

लखलख लखलख! आजोबांच्या बोटांवर सोनेरी कण नाचले, आणि बोटं सरळ झाली. आजोबांनी हात उलटसुलट करून पाहिले, झरझर तारा बांधला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सिल्वी जड पावलांनी घरी आली. अंगणात आई रांगोळी काढत होती. सिल्वी तिच्या कुशीत शिरून हमसून रडली. खांद्यावरची परी फिकी, फिकी होत चालली. तिकडे घंटेचा दोर ओढायला माणूस निघालासुद्धा.

"ए सिल्वी! पळून काय आलीस?" पास्कू आजोबा धापा टाकत कुंपणाशी उभे होते. डोळे लाल होते. "आत जाऊन जरा रडलो गं. बोलायचं विसरूनच गेलो होतो मी. तुलाही नाताळच्या शुभेच्छा, पोरी! आणि तुझ्या आईचा आवाज एकदाचा परत येऊ दे. त्या कर्ण्याने कान किटले माझे!"

ठण्ण! घंटा वाजली.

"सिल्वीऽऽ!" आई ओरडली. नाक्यापर्यंत गेली हाक! आईने तोंडावर हात ठेवला, सिल्वीला उचलून गरागरा फिरवलं, आणि आजोबांचे हात हातात घेऊन तिथेच बाळ येशूचं गाणं म्हणायला लागली. कर्णा बंद झाला. सगळा गाव अंगणात जमला.

"आणखी एक म्हण गं, बाय," आजोबा म्हणाले.

आईने दुसरं गाणं धरलं. परी हसली, गिरकी घेऊन वर गेली, आणि शुभ्र, झगमगत्या प्रकाशात दिसेनाशी झाली. सिल्वीने हात जोडून मोठ्याने तिचे आभार मानले. पण आईच्या खणखणीत आवाजात ते कुणालाच ऐकू गेले नाहीत.