दहा हजारांची चौकट

चंदनगडच्या महाराजांना एक चौकट विकत घ्यायची होती आणि तिची किंमत कोणालाच ठरवता येत नव्हती.

चौकट म्हणजे तसबिरीची. हातभर उंच, काळपट रुपेरी, सगळीकडे द्राक्षाचे वेल, आणि चारही कोपऱ्यांत पंखवाली गुबगुबीत पोरं. ती घेऊन आलेला सौदागर सांगत होता, "अस्सल चांदी, सरकार. दोनशे वर्षं जुनी. विलायतेतल्या एका राणीच्या महालातली. दहा हजार रुपये फक्त." येताना त्याने तिच्यात महाराजांचाच फोटो बसवून आणला होता. धंदा त्याला चांगला कळत होता.

महाराजांनी दरबाराचं मत घेतलं. दिवाणजी म्हणाले, सात हजार. खजिनदारांनी दिवाणजींकडे पाहिलं आणि म्हणाले, नऊ. राजवैद्यांनी चौकटीवर दोन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाडी लागत नाही. म्हणजे वस्तू फारच जुनी आहे."

तेवढ्यात दाराशी कोणीतरी फिसकन हसलं. तांबट आळीतल्या केरोबा करड्यांची लेक राही, महालाचा दुरुस्त केलेला बंब पोचवायला आली होती.

"हसायला काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही, सरकार. वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे."

महाराज हट्टाला पेटले. "तूच सांग मग किंमत. पण चौकटीला हात लावायचा नाही, काट्यावर चढवायची नाही, कानस लावायची नाही. आणि चुकलीस तर उद्यापासून तुझ्या बापाचं दुकान बंद."

बापाला दुसरं काही येत नव्हतं. राहीने पदर खोचला, खिडकी उघडायला सांगितली आणि हात पाठीमागे बांधून चौकटीसमोर वाकली.

"शेठ, राणीसाहेबांकडे ही रोज पुसत असतील ना?"

"रोज. दोन दासी याच कामाला होत्या."

"दोनशे वर्षं पुसून या पोरांची नाकं शाबूत राहिली? आमच्या देवातला बाळकृष्ण चाळीस वर्षांत नाक झिजवून बसलाय. आणि काळेपणा साचतो तो खाचेत. इथे गालावरही तेवढाच आहे. दासींनी कापडाऐवजी काजळ वापरलं वाटतं?"

"विलायतेतल्या दासी हलक्या हाताच्या असतात," सौदागर म्हणाला.

"असतील. पण चारही पोरांना डाव्या कानाखाली एकसारखा फोड कसा? हातानं घडवली असती, तर चौघांचे चार चेहरे झाले असते. ही एकाच साच्यातून ओतलीत, आणि साचा सदोष होता." ती महाराजांकडे वळली. "मला हात लावायची मनाई आहे, शेठना नाही. त्यांनीच चिंच आणि राख घेऊन एक गाल घासावा. चांदी असेल तर उजळेल."

सौदागराला अचानक गाडीची वेळ आठवली. महाराजांना ती आठवली नाही. मुदपाकखान्यातून चिंच आली, राख आली, आणि शेठजी घाम पुसत गाल घासू लागले. काळा रंग गेला, त्याखालचा रुपेरी मुलामा गेला आणि पोराचा गाल पिवळाधमक निघाला.

"कावीळ," राजवैद्य पुटपुटले. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलंच बरोबर निदान.

दरबारात सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. महाराजांचा चेहरा मात्र उतरला होता, आणि उतरलेल्या चेहऱ्याचा राजा फार वाईट.

"पितळ आहे हे कळलं," ते सावकाश म्हणाले. "पण मी किंमत विचारली होती. आमचा फोटो आत आहे, हे ध्यानात ठेवून सांग."

राही थबकली. कमी सांगावं तर महाराजांचा अपमान, जास्त सांगावं तर आत्ताचं सगळं बोलणं खोटं.

"सरकार, हिच्या दोन किमती आहेत," ती म्हणाली. "फोटो बाहेर काढला, तर मोडीच्या भावानं दीड रुपया."

"आणि फोटो आत असला तर?"

"तर सात हजारांच्या खाली यायची छाती या दरबारात कोणाची नाही. ते तर सरकारांनी मघाशीच पाहिलं."

महाराज एवढे हसले की त्यांना फेटा धरावा लागला. दिवाणजीही हसले, कारण महाराज हसत होते.

सौदागराच्या हातावर दीड रुपया ठेवून त्याला वेशीबाहेर पोचवलं गेलं. आणि राहीला त्याच दिवशी सरकारी पारखीण नेमलं: यापुढे महालात येणारी धातूची प्रत्येक वस्तू आधी तिच्या नजरेखालून जायची, पगार दरमहा चाळीस रुपये. नेमणुकीच्या कागदावर खजिनदारांना सही करावी लागली. ती त्यांनी केली, आणि या वेळी दिवाणजींकडे पाहिलं नाही.