सणाचं तेल

नारळी पुनवेच्या सकाळी आभाळ निवळलं होतं आणि समुद्र न्हाऊन आलेल्या पोरासारखा शांत बसला होता. ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा होड्यांची इंजिनं बोलत असत आणि माणसं कधीमधी ऐकतही असत.

धाकू नाखवाच्या होडीतलं इंजिन म्हातारं होतं. शेजारच्या होडीतलं नवं इंजिन त्याला चिडवायचं, "आजोबा, तुमच्या पोटात अजून ते काकवीसारखं जाड तेल? माझं तेल बघा, कसं पातळ, सोनेरी!"

सणाला घरात सगळ्यांना नवं, म्हणून नाखवाने इंजिनालाही कुंकू लावलं आणि तेच पातळ तेल घातलं.

"नको रे बाबा," म्हातारं म्हणालं, "माझी हाडं झिजलीत. हे तेल त्यात टिकायचं नाही."

"गप. सणाच्या दिवशी नाही म्हणू नये."

धक्का सुटतो न सुटतो तोच निळा धूर निघाला, खडखड सुरू झाली. नाखवाचं तोंड उतरलं. "उद्या भंगारात देतो तुला."

"दे की. पण आज माझं जाड तेल दे."

नाखवाने सोनेरी तेल काढलं, जाड तेल ओतलं. झिजलेल्या फटींवर ते सायीसारखं बसलं. खडखड थांबली. म्हातारं छाती काढून असं चाललं, की संध्याकाळी काठोकाठ बांगडे भरलेली होडी त्याने मानाने धक्क्याला आणली. नाखवाने त्याच्यावरून हात फिरवला. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

 शेजारचं इंजिन हळूच म्हणालं, "आजोबा, माझं वय झालं, की कुठलं तेल मागायचं ते मला सांगाल ना?"