मालनचे हात

“शिकवलं कुणी? मी. मग ते हात कुणाचे झाले, सांगा बुवा?”

श्रीपतराव मोहोळकर अजून बसलेही नव्हते. टेकडी चढून धाप लागली होती, तरी आवाज खाली येत नव्हता.

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचे हात?”

“मालनचे. मालन सुतारचे!”

गडहिंग्लजला श्रीपतरावांचा कवळ्यांचा कारखाना होता. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, नऊ बायका बाकावर बसून कवळ्या घडवायच्या. मालन त्यांत सगळ्यात तरबेज. अकरा वर्षांनी तिनं नोकरी सोडली आणि बाजारात एक खोली घेऊन तेच काम सुरू केलं. दोन महिन्यांत चार डॉक्टर तिच्याकडे वळले.

श्रीपतरावांनी खिशातून कागद काढला आणि खणखणीत वाचला.

“‘नोकरी सोडल्यापासून तीन वर्षं, पंचवीस किलोमीटरच्या आत, दातांचं कोणतंही काम करणार नाही.’ ही खाली तिची सही.”

“मग कोर्टात जा.”

श्रीपतराव घुटमळले.

“वकील म्हणतो, टिकणार नाही. नोकरीत असेपर्यंत ठीक, सोडून गेल्यावर असं बांधता येत नाही म्हणे. असला कसला कायदा! … म्हणून तर तुमच्याकडे आलो. तिची आई इथे भाकऱ्या भाजायची. तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही. खोली बंद कर, एवढंच सांगा तिला.”

बुवांनी तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.

“बोलव तिला.”

श्रीपतरावांना हायसं वाटलं. वीस वर्षं दर गुरुवारी ते या माणसाच्या पायाशी बसत होते. ते काय उगीच?

मालन आली ती कामावरूनच. कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी भुकटी. बुवांना वाकून नमस्कार केला, मालकांकडे बघितलंही नाही.

“आधी माझा दाखला द्या,” ती म्हणाली. “डिप्लोमाचा. कामाला लागताना ठेवून घेतलात, अजून दिला नाहीत.”

“आधी खोली बंद कर!”

“नाही करणार.”

“काम शिकवलं कुणी तुला?”

“तुम्ही. मी कधी नाही म्हटलं?” ती आता मालकांकडे वळली. “हात धरून शिकवलंत. आणि मग त्याच बाकावर सकाळी नऊ ते सहा बसवलंत. जेवायचं तेही मांडीवर डबा घेऊन, तिथंच. पाच तासांनी अर्धा तास सुट्टी द्यावी लागते, कायदा आहे, असं मी एकदा म्हटलं. आठवतंय, काय म्हणालात?”

श्रीपतरावांना आठवत होतं. 

“‘कायदा खायला घालत नाही,’ म्हणालात. आम्ही नऊ जणी पाणी प्यायचं सोडलं, मालक. पाणी प्यायलं की मोरीला जावं लागतं, मोरीला गेलं की तुम्ही घड्याळ दाखवता. लघवीच्या जळजळीनं मी दोनदा दवाखान्यात पडले. हात तुमचे म्हणताय ना? मग ते दुखणं कुणाचं? तेही लिहायचं होतं कागदात!”



श्रीपतरावांची कानशिलं तापली. बाईमाणसानं असलं चारचौघांत बोलावं? ते बुवांकडे वळले.

“ऐकलंत? ही भाषा! बुवा, तुम्ही सांगा तिला. तुमच्या तोंडून एक शब्द…”

“माझ्या तोंडून?”

बुवांनी सूप बाजूला सारलं. तूर ओसरीभर सांडली. वीस वर्षांत श्रीपतरावांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

“कायद्यात बसत नाही ते माझ्या तोंडून बसवायला आलास? तोंड हवंय माझं? घे!”

त्यांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि श्रीपतरावांच्या तळहातावर ठेवली. ओली, गरम.

बुवांचे गाल आत गेले. एकदम फार म्हातारे दिसायला लागले ते.

“हे… हे काय बुवा?”

“हिनंच केलीय. गेल्या महिन्यात.” दात नसलेल्या तोंडातून शब्द कसेबसे फुटत होते. “तुझ्या पंचवीस किलोमीटरच्या आतली आहे. घेऊन जा.”

श्रीपतरावांना कवळी खाली ठेवावीशी वाटली. ठेववेना. सवयीनं अंगठा कडेवरून फिरला. कुठं टोचत नव्हतं, कुठं चढ नव्हता. टाळूच्या मागचा उतार त्यांनीच तिला दाखवलेला होता. तिनं तो त्यांच्यापेक्षा बारीक काढला होता.

हे कळलं आणि संताप आणखीच वर आला. कुणावर, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

ते रांजणापाशी गेले. कवळी धुतली. बुवांच्या हातात दिली.

बुवांनी ती बसवली आणि पुन्हा हात पुढे केला. तसाच धरून ठेवला…

श्रीपतरावांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी, खोली बंद झाली तरच द्यायचा म्हणून आणलेला दाखला पिशवीतून काढला. मालनच्या दिशेनं धरला, तोंड दुसरीकडे करून.

तिनं दाखला घेतला. कोपरे तपासले. बुवांच्या पाया पडली.

“कामं पडलीत,” म्हणाली, आणि टेकडी उतरून गेली.

श्रीपतरावांनी करारनाम्याचे चार तुकडे केले. पण राग गेला नव्हता. तुकडे मुठीत चुरगाळत ते ओरडले,

“झालं समाधान? आता बाकीच्या आठ जणी! त्याही शिकतील आणि उठून जातील. मी काय करू मग?”

बुवा ओणवे होऊन सांडलेली तूर गोळा करत होते.

“आधी त्यांना बाकावरून उठू तर दे.”