पाण्याखालचे दगड

फार जुनी गोष्ट. नदीवर पूल बांधता येतो हे माणसाला ठाऊकही नव्हतं, तेव्हाची. कुठली नदी, कुठलं गाव, ते मला विचारू नका. नदी होती आणि गाव होतं, एवढं पुरे.

त्या नदीचं पाणी बारा महिने गढूळ. खाली मोठमोठे दगड, आणि दगडांच्या दोन्ही अंगांना माणूस बुडेल असे डोह. दगडांची वाट एकाच म्हाताऱ्याला माहीत. रीत अशी, की म्हातारा पुढे चालायचा आणि बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागून जायचे.

म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यानं पुतण्याला हाताशी धरलं. पुतण्या बारा वर्षं रोज त्याच्या मागून नदी ओलांडत होता. एकदाही पडला नाही. जरा घसरला, की म्हातारा मागे वळून दंड धरायचा. माझ्या पुतण्याचा गुडघ्यावरचा कपडा कधी भिजला नाही, असं गावभर सांगायचा. लोक माना डोलवायचे. लोकांना काय, मान आहे म्हणून डोलवायची.

एका सकाळी पुतण्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईण राहायची पलीकडच्या काठाला. आणि म्हाताऱ्याच्या पायात काटा मोडून पाय असा सुजलेला, की जमिनीला टेकवता येत नव्हता. पुतण्या नदीकडे धावला. मागून काठी टेकत म्हातारा.

पुतण्या पाण्यात उतरला आणि पहिल्या दगडावरच थांबला. म्हातारा त्याच्यावर खेकसला, अरे, जा की.

"कुठे जाऊ, काका? इतकी वर्षं मी तुमच्या टाचा बघत होतो. दगड मी बघितलेच नाहीत."

म्हातारा काठावरून सांगू लागला. आधी डावीकडे म्हणाला, मग नाही, उजवीकडे म्हणाला. पुतण्या डोहात गेला, कसाबसा बाहेर आला. तेव्हा म्हाताऱ्याला उमगलं, की वाट आपल्या पायांना माहीत आहे, तोंडाला नाही.

हाका ऐकून सुईण पलीकडे येऊन उभी राहिली होती. तिनं तिथून विचारलं, बारा वर्षं काय काकाच्या टाचांची पूजा करत होतास का रे?

म्हाताऱ्यानं पुतण्याच्या कमरेला लांब दोर बांधला आणि दुसरं टोक धरून बाभळीच्या खोडाला पाठ लावून बसला. "आता मी बोलणार नाही. तूच शोध. बुडालास तर ओढीन."

पुतण्या पायानं चाचपत निघाला. पडला, पाणी प्यायला, काकानं ओढून काढला, पुन्हा उतरला. घरून निरोपावर निरोप येत होते. सात वेळा पडला. पण जिथे एकदा पडला, तिथे परत पडला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पलीकडे पोचला. सुईणीला घेऊन आला, तेव्हा एकही पाऊल चुकलं नाही.

सुईणीनं बाई वाचवली. मूल हाती लागलं नाही.

बारा वर्षांत जे झालं नव्हतं, ते अर्ध्या दिवसात झालं. पण तेवढा अर्धा दिवस त्या मुलाकडे नव्हता.

पुढे पुतण्या इतरांना वाट शिकवू लागला. शिकणाऱ्याला तो पुढे घालायचा आणि आपण दोर धरायचा. पोरं पडायची, त्यांच्या आया काठावरून त्याला शिव्या द्यायच्या. तो हातातला दोर सोडायचा नाही.

ज्याला कधी पडूच दिलं नाही, त्याला काही शिकवलंच नाही.