हैबतीनं पारखून आणलेली गाडी

डोंगरावर टेकवली नावाचं गाव होतं आणि त्या गावात हैबती ढेबे नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हटलं की तो थांबायचा, आणि 'आता नीघ' म्हणेपर्यंत तिथंच उभा असायचा.

टेकवलीचा रस्ता म्हणजे चढ, धोंडे आणि चिखल. साधी जीप अर्ध्या वाटेतच मान टाकायची. आजाऱ्याला झोळीत घालून खाली न्यावं लागायचं. गेल्या महिन्यात ठकूबाई तर वाटेतच बाळंत झाली. तेव्हा गावानं ठरवलं, की चारही चाकांना जोर असलेली एखादी जुनी गाडी घ्यायची. वर्गणी जमली. गावात शहाणे पुष्कळ होते, पण लायसन एकट्या हैबतीकडे होतं. शिवाय शहाण्यांना नेमकी त्याच आठवड्यात कामं निघाली होती.

सरपंचांनी पैशाची पिशवी हैबतीच्या गळ्यात अडकवली. म्हणाले, "जुन्या गाडीत फसवाफसवी फार. तालुक्याला कासमभाई मिस्त्री आहेत. ते सांगतील तसंच करायचं. शब्दाला शब्द."

ही पहिली चूक. ती हैबतीची नव्हे.

कासमभाईंनी समजावलं, "हे बघ, लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवतो. मग गाडी झटकन चालू होते, खोट कळत नाही. म्हणून आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं, की बोलत बसू नकोस. सरळ परत ये."

"बरं चाचा."

हैबती गाडी बघायला गुरांचे डॉक्टर दातार यांच्याकडे गेला. भर दुपार. गाडी सकाळपासून अंगणात उन्हात उभी. हैबतीनं बॉनेटला हात लावला आणि चटका बसून मागे उडाला. डॉक्टर चहा घेऊन बाहेर आले. "काय हो, आवडली का?"

हैबती बोलला नाही. बोलत बसायचं नव्हतं. 'लबाड' अशा नजरेनं त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं आणि चालू पडला. डॉक्टरांनी संध्याकाळी गाडी दुसऱ्याला दिली.

कासमभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे लेका, उन्हात पत्रा तापणारच! त्याच्यावर ओलं पोतं टाकायचं, गार होऊ द्यायचं, मग हात लावायचा."

"आता तसंच करतो."

दुसरी गाडी ठेकेदार मोहित्यांची. ती शेडमध्ये, सावलीत होती. मोहित्यांनी अर्धा तास इंजिन घुरघुरवून नुकतंच बंद केलं होतं. हैबतीनं हात लावला. गरम! त्यानं पोतं मागितलं, भिजवून बॉनेटवर पसरलं आणि शेजारी मांडी घालून बसला. तासाभरात पोतं तीनदा भिजवलं. मोहित्यांना घाम फुटला. मग हैबतीनं पुन्हा हात लावला.

"गारेगार! तुमच्यासारखा सच्चा माणूस नाही बघितला मालक!"

मोहित्यांना आजवर असं कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. हैबती पिशवीची गाठ सोडू लागला. तेवढ्यात त्याला वाटलं, मिस्त्रींना एकदा कळवावं. त्यानं फोन लावला.

कासमभाई फोनमध्ये ओरडले, "सावलीतली गाडी गरम होती, आणि ती तू गार केलीस? पळ तिथनं! उद्या निकमबाईंची बघ. बॉनेटला हातसुद्धा लावू नकोस. गाडी चिखलात घाल, चारही चाकांना जोर देणारा बारका गिअर टाक आणि पुढची चाकंही फिरतात का, ते खाली उतरून नीट बघ."

निकमबाईंच्या मळ्यात उसाला नुकतंच पाणी दिलं होतं. चिखल झकास होता. हैबतीनं गाडी उसात घातली, बारका गिअर टाकला आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. गाडी तशीच संथपणे पुढे निघाली. हैबती वाकून बघत तिच्या शेजारून चालू लागला.

बाई बांधावरून ओरडल्या, "अहो, गाडीत कोण आहे?"

"कुणी नाही बाई! मी खाली उतरून बघतोय!"

गाडीनं उसाच्या चार सऱ्या आडव्या केल्या, बांध ओलांडला, शेळ्यांचं कुंपण मोडलं आणि लिंबाला टेकून बंद पडली. हैबतीला फार आनंद झाला. "फिरतायत! चारही फिरतायत! द्या मला ही गाडी."

बाई म्हणाल्या, "आता तर नाहीच द्यायची. चालवणारा नसताना एवढी चालते, ती तुला कशाला देऊ? नीघ!"

हे ऐकून कासमभाईंनी पाना खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. "हैबती, तीच गाडी खरी होती रे. जी गाडी मालकाला सोडवत नाही, ती पक्की. आता तशी सापडली, तर मालक कितीही नाही म्हणू दे, ऐकायचं नाही. पैसे पुढ्यात ठेवायचे आणि गाडी घेऊन यायची. फक्त चोरीची नाही ना, एवढी खात्री कर. आणि आता मला विचारायला येऊ नकोस."

हैबती स्टँडवर आला. मिसळीच्या हॉटेलसमोर एक उंच, दणकट गाडी उभी होती. चाकं चिखलानं माखलेली, इंजिन चालूच. मालक आणि त्याची दोन माणसं आत मिसळ खात होती.

"साहेब, ही गाडी विकायची का?"

तिघंही खो खो हसले. मालक म्हणाला, "वेडा का रे? असल्या गाड्या विकत नसतात."

"कितीही दिले तरी?"

"कितीही दिले तरी!"

हैबतीचं काळीज आनंदानं उडालं. त्यानं पिशवी मिसळीच्या ताटलीशेजारी ठेवली, नमस्कार केला आणि गाडीत बसून निघाला. मागे तिघं बोंबलत धावत आले. एकानं तर शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकल्या. माणसाचा गाडीवर एवढा जीव! हैबतीचे डोळे पाणावले, पण त्यानं मन घट्ट केलं.

गाडी एका दमात डोंगर चढली. गाव गोळा झालं. ठकूबाई बाळाला घेऊन आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली. सरपंच नारळ घेऊन पुढे आले, बॉनेटवरची अक्षरं वाचली आणि नारळ हातातच राहिला.

"हैबती... ही कुणाची आणलीस रे?"

"घाबरू नका सरपंच," हैबती म्हणाला. "चोरीची नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत 'पोलीस' लिहिलंय, ते वाचूनच घेतलीय."